रोईक्लिपचा स्कोपवाला आणि काटेरानातली लेनी

रोईक्लिप गावात कुणाला बंदुकीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवायचा असला, तर त्यानं पोटभर नाश्ता करूनच सारेल एस्टरहायझनच्या दुकानात पाऊल टाकावं, असं गावातले जाणते लोक सांगत. सारेल स्कोप विकायचा नाही, उलटतपासणी घ्यायचा. तसं दुकान सतरा गोष्टींचं होतं. लोकर कातरायच्या कात्र्या, कुंपणाची तार, पवनचक्कीचे वॉशर, मेंढ्यांचं जंताचं औषध, सगळं एकावर एक रचलेलं. पण काउंटरमागच्या काचेच्या कपाटात स्कोप मात्र देव्हाऱ्यातल्यासारखे मांडलेले असत आणि तिथं हात लावायची फ्लोरिसलाही परवानगी नव्हती. हा फ्लोरिस आपोलिस दुकानात नोकर म्हणून लागला होता. आता नोकर कोण आणि मालक कोण हे गिऱ्हाइकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं.

"काय मारायचंय?" सारेल विचारी.

"हरीण, सारेलकाका."

"हरीण म्हणजे काय बाजारातला भोपळा आहे, कुठलाही चालेल? कुठलं हरीण? कुठं? सकाळी का दिवस मावळताना? आणि तू उभा राहून मारणार, का पोटावर पडून? पोट तर चांगलं आहे तुझं, टेकवायला."

एवढं झाल्यावर मग निकाल. डोंगरावर रीबॉक हरणाच्या मागे लागणाऱ्याला हलका, आखूड स्कोप, कारण वर पोचेपर्यंत खिशातला रुमालसुद्धा जड होतो. मक्याच्या कडेला बसून संध्याकाळी रानडुकरांची वाट पाहणाऱ्याला पुढची काच चांगली रुंद, कारण उजेड तेव्हा थोडाच उरलेला असतो आणि तो काचेनं गोळा करावा लागतो. आणि आपल्या कारूच्या उघड्या माळावर स्प्रिंगबॉक हरीण मारायचं असेल, तर लांबचं ओढून जवळ आणणारा, बारीक रेघांचा. "जाड रेघ घेतलीस तर स्प्रिंगबॉक त्या रेघेमागे उभं राहून तुला हसेल," असं तो म्हणे, आणि ते खरंच होतं. त्याचा सल्ला चुकला असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

फक्त उत्तरेकडच्या काटेरानाचं नाव काढलं, की हा शहाणा माणूस बिघडायचा. "तिथं शिकार नसते, लपाछपी असते," म्हणायचा. तिकडं तो जन्मात गेला नव्हता आणि जायची इच्छाही नव्हती. त्याची स्वतःची बंदूक माळाची, तिच्यावरचा स्कोपही माळाचा. कमीत कमी सहापट आणि जास्तीत जास्त चोवीसपट मोठं दाखवणारा, कोपरापासून मनगटापर्यंत लांब. त्याची बायको मार्थी जिवंत होती तेव्हा त्या स्कोपला सवत म्हणायची. मार्थी जाऊन बरीच वर्षं झाली, सवत राहिली. संध्याकाळी मऊ कापडानं तिच्या काचा पुसत सारेल ओट्यावर बसे, समोर सपाट माळ, त्यावर आभाळ, आणि आपलं सगळं आयुष्य एकदाचं झकास जमलंय अशी त्याची समजूत होती.

अशा माणसाच्या दुकानात जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नळाचं पाणी गोठवणाऱ्या थंडीत, लेनी रोट शिरली.

लेनी ही बेकरीवाल्या कोबाची थोरली बहीण. विधवा, अंगानं भक्कम, हसू मोठं. उत्तरेला लिम्पोपोकडे काटेरानात तिचं गुरांचं शेत होतं आणि ह्या धाकट्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती महिनाभर मदतीला आली होती. तिनं बंदूक काउंटरवर आडवी ठेवली. वरचा स्कोप चपटा झाला होता.

"काय झालं हो हे?" सारेलनं विचारलं.

"गाय बसली."

"गाय?"

"चांगली धष्टपुष्ट होती. मला नवा द्या. एकपट ते चारपट. रेघा जाड."

सारेलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, एकपट म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढंच. त्यासाठी माझ्याकडून नळी कशाला विकत घेता? घरातला पन्हाळीचा तुकडा बसवा."

"माझ्याकडे कुडू हरीण बाभळीच्या आडून निघतं ते हाताच्या अंतरावर," लेनी म्हणाली. "दोन्ही डोळे उघडे ठेवून, बंदूक उचलली की दिसलं पाहिजे. तुमची ती लांबलचक नळी काय करायची मला? चंद्रावरचा ससा मारायचाय का?"

मागे वॉशर मोजत असलेला फ्लोरिस खोकला. खोकला नव्हता तो.

सारेलचे कान लाल झाले. त्यानं माळाची बाजू घेतली, तिनं रानाची. तो म्हणाला, शिकार म्हणजे नेम; ती म्हणाली, शिकार म्हणजे पाय. तो म्हणाला, तुमच्याकडे जनावर स्वतःच येऊन आदळतं, त्यात कसब कसलं? ती म्हणाली, तुमच्याकडे जनावराला पत्ताच नसतो की आपल्याला कुणी मारतंय, ही काय मर्दुमकी? असं बोलता बोलता जेवणाची वेळ झाली. गेल्या कित्येक वर्षांत सारेल इतका चिडला नव्हता आणि इतका खूशही नव्हता, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा होतात ते त्याला कळेना.

"तर मग आहे का माल?" लेनीनं विचारलं.

"नाही," सारेल म्हणाला. "मागवावा लागेल. वेळ लागेल."

ती गेल्यावर फ्लोरिस पुढं आला. त्यानं कात्र्यांचा खालचा खण ओढला, आतून एक खोका काढला आणि काउंटरवर ठेवला. एकपट ते चारपट. रेघा जाड.

"हे काय आहे?" फ्लोरिस म्हणाला.

"ठेव परत."

"म्हणजे मागवायचा नाही?"

"ठेव म्हटलं ना!"

"बरं. मी आपलं विचारलं. वय झालं की माणूस विसरतो."

ह्यानंतर लेनी दर दोन-चार दिवसांनी चौकशीला यायची. सारेल दर वेळी मालगाडीला, कारखान्याला, परदेशातल्या बेफिकीर लोकांना दोष द्यायचा. दर वेळी भांडण व्हायचं, कॉफी व्हायची, कोबाच्या बेकरीतले रस्क कॉफीत बुडायचे. सारेलनं दाढी रोज करायला सुरुवात केली. गावात लोक काय ते समजले. शेवटी कोबाचा गुडघा बरा झाला, लेनीचं परतायचं ठरलं, तेव्हा बिचाऱ्यानं खोका बाहेर काढला. लेनीनं झाकणावरून बोट फिरवलं. बोटाला बरीच धूळ लागली.

"काल आलेला माल?" तिनं विचारलं.

"रस्ते फार धुळीचे आहेत," सारेल म्हणाला.

ती इतकी हसली की पवनचक्कीचे वॉशर डब्यात वाजले. मग मात्र त्यानं तिला तो स्कोप आपल्या पद्धतीनं बसवून दिला. "डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा. घाई नको. आता उघडा. काय दिसतं?"

"भिंतीवरचा मेंढा." भिंतीवर खाद्याच्या कंपनीचं मेंढ्याचं मोठं चित्र होतं.

"अख्खा मेंढा, का कडेनं काळं काही?"

"डावीकडं काळं."

त्यानं नळी केसभर मागं सरकवली. परत डोळे मिटा, परत उघडा. असं तीनदा, चारदा. शेवटी ती हळूच म्हणाली, "आता अख्खा दिसतो. उजेडात आंघोळ केल्यासारखा." सारेलला वाटलं, ही बाई अशीच डोळे मिटून उभी राहावी आणि आपण स्क्रू पिळत राहावं. असं वाटल्यावर तो स्वतःलाच घाबरला.

त्यापुढे फोन. दिवेलागणीला सारेलच्या घरात फोन वाजे, नाहीतर तो लावी. काटेरानात पाऊस पडला का, कारूत मेंढ्यांना कोकरं किती, आज कुणाला कुठला स्कोप दिला. वर्ष असं गेलं. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यानं फोनवरच विचारलं, लग्न करायचं का. पलीकडे कुठल्याशा पक्ष्याची टिवटिव ऐकू आली.

"करू की," लेनी म्हणाली. "पण राहायचं कुठं?"

"म्हणजे काय? इथं."

"तुझ्या त्या टकल्या माळावर? सारेल, मला झाडं लागतात रे. तिथं माझा जीव उघडा पडतो."

"आणि मला तुझ्या झुडपात गुदमरायला होईल त्याचं काय? माणसाला लांबवर दिसलं पाहिजे!"

झालं. प्रेमाचं ठरलं आणि पत्त्यावर अडलं. महिनाभर दोघं तेच तेच बोलत राहिली. कुणी रडलं नाही, पण दोघांचीही झोप उडाली. सारेलला पहिल्यांदाच भीती वाटू लागली, की आपण दोघं आपापल्या ओट्यावर बसून फोनवरच मरणार. शेवटी कोबानं बेकरीतून दुकानात येऊन टेबलावर हात आपटला.

"दोन म्हातारी माणसं आणि भांडणं शाळकरी पोरांची! ऐका. हा सारेल आपला स्कोप घेऊन तिच्या रानात कुडू मारेल. ती आपला स्कोप घेऊन इथल्या माळावर स्प्रिंगबॉक मारेल. ज्याला जमेल तो आपल्या घरी राहील, ज्याला जमणार नाही तो बिऱ्हाड उचलेल."

"आणि दोघांना जमलं तर?" फ्लोरिसनं विचारलं.

"तर फोन आहेच. आणि दोघांनाही नाही जमलं, तर दोघं एकमेकांच्याच लायकीची आहेत, मग कुठंही राहा."

लेनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कबूल. आण तुझी दुर्बीण."

सारेल जुलैत उत्तरेला गेला. जाताना फ्लोरिसनं विचारलं होतं, "एखादा लहान स्कोप नेतोस का? आपल्याकडे आहेत. तूच लोकांना सांगतोस." पण आपला स्कोप हीच तर पैज होती, आणि शिवाय सारेलचं नाक. "सहापटवर ठेवला की झालं," तो म्हणाला.

सहापटवर काय झालं ते काटेरानात अजून सांगतात. लेनीच्या शेतावरचा, जनावरांचा माग काढणारा माशुदू त्याला वाऱ्याच्या उलट बाजूनं इतका अलगद घेऊन गेला, की दोघं एका भल्या नर कुडूपासून खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर जाऊन पोचले. माशुदूनं बोट दाखवलं. सारेलनं बंदूक उचलली. नळीत राखाडी केस दिसले. नुसते केस. त्यानं थोडं डावीकडे पाहिलं. केस. उजवीकडे पाहिलं. केस आणि एक पांढरा पट्टा. हा खांदा का पोट का मागचं टोक, देव जाणे.

"मार," माशुदू कुजबुजला.

"कुठं?"

"कुडूला!"

"पण ह्यात कुडू कुठं आहे? ह्यात नुसती घोंगडी आहे!"

घोंगडीनं कान टवकारले आणि बाभळींतून निघून गेली. माशुदू जमिनीवर बसला आणि तोंडात टोपी कोंबून हसला. सारेल आठवडाभर राहिला. आणखी दोनदा घोंगडी दिसली, एकदा नुसती शिंगं, एकदा लेनीचीच गाय. शेवटच्या दिवशी जेवणापुरतं म्हणून रानडुकरावर गोळी झाडली, पण झुडपात नीट दिसावं म्हणून डोळा नळीला एवढा चिकटवला होता, की बंदुकीच्या धक्क्यानं स्कोपची कड थेट भुवईत घुसली. रानडुक्कर पळालं. कपाळावर रक्ताची नीटस चंद्रकोर उमटली.

लेनीच्या घरी रिवाज होता. ज्याच्या भुवईवर अशी चंद्रकोर उमटेल, त्यानं जखम सुकेपर्यंत ॲप्रन बांधून साऱ्यांना कॉफी द्यायची, मालकिणीपासून गुराख्यांपर्यंत. रोईक्लिपचा स्कोपवाला, ज्याच्यासमोर लोक परीक्षा देत, तो फुलाफुलांचा ॲप्रन बांधून कॉफी वाटत फिरला. "काका, साखर सहापट घाला," माशुदू म्हणाला, आणि सगळं अंगण लोळलं. सारेलही हसला. गंमत अशी, की खरंच हसला. रात्रीच्या जेवणाला मक्याची उकड आणि वॉर्स, म्हणजे तिकडचे भाजलेले सॉसेज, होते, बाहेर झाडांतून कसले कसले आवाज येत होते, आणि त्याला गुदमरायला वगैरे काही झालं नाही. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. परतल्यावर फ्लोरिसलासुद्धा नाही.

आता पाळी लेनीची. तिला जमलं, तर सारेलला दुकान, माळ, फ्लोरिस, सगळं सोडून जावं लागणार होतं. नाही जमलं, तर दोघंही हरलेली, म्हणजे मग निदान बोलाचालीला जागा होती. तेव्हा सारेलनं काय मागावं हे उघड होतं. रविवारी चर्चमध्ये त्यानं तेच मागितलंही: लेनीची गोळी चुकू दे, तिला लागू नये, दुखू नये, नुसती चुकू दे.

शिकार त्याच्या चुलतभावाच्या शेतावर ठरली. माळ तिथं ताटासारखा सपाट, गुडघ्याएवढी झुडपं, मध्ये एक सुकी ओघळ, कडेला एकच दगडाळ टेकडी. लांब स्प्रिंगबॉकचा कळप चरत होता. नुसत्या डोळ्यांना पांढरे ठिपके. लेनीनं आधी फळीवर दोन गोळ्या झाडून दाखवल्या, त्याशिवाय तिथं कुणालाच माळावर सोडत नाहीत. दोन्ही मध्यावर. मग तिनं आपला चारपट स्कोप डोळ्याला लावला, कळपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबून मला ही तांदळात पडलेली साखर वाटतीय. मी जवळ जाते."

"माळावर जवळ जाता येत नाही," सारेल म्हणाला. "म्हणून तर आम्ही..."

"तुम्ही जात नाही. जाता येत नाही असं कुणी सांगितलं?"

आणि ही साठीला टेकलेली बाई बंदूक कोपरांच्या खोबणीत धरून पोटावर आडवी झाली आणि ओघळीत शिरून सरपटू लागली. चुलतभाऊ बघतच राहिला. सारेल आणि फ्लोरिस टेकडीवर चढून बसले. तिथल्या पद्धतीप्रमाणे पाहुण्याच्या गोळीनं जनावर जखमी झालं, तर यजमानानं दुसरी गोळी घालून ते संपवायचं असतं, म्हणून सारेलची बंदूक शेजारी तयार होती.

दुर्बीण मात्र फ्लोरिसच्या गळ्यात होती. आणि फ्लोरिस ती डोळ्यांवरून काढीना.

"काय चाललंय?" सारेलनं विचारलं.

"हं."

"हं काय? दिसते का ती?"

"दिसते. अरे अरे... बरं बरं."

"फ्लोरिस!"

"काट्यात हात गेला. शिव्या देतीय. आफ्रिकान्समधल्या एवढ्या शिव्या मलाही येत नाहीत रे. वा!"

"दे इकडं दुर्बीण."

"थांब जरा, आत्ताच रंगात आलंय. स्प्रिंगबॉकनं मान वर केली. ती थिजली. नाकावर मुंगी बसलीय तिच्या, बघ... हां, तुला कसं दिसणार."

सारेलनं दुर्बीण ओढून पाहिली, पण पट्टा फ्लोरिसच्या मानेत आणि फ्लोरिसची मान त्याच्या खांद्यांत घट्ट.

"एवढं असेल तर बंदुकीतून बघ की," फ्लोरिस म्हणाला. "चोवीसपट आहे ना तुझं?"

"माणसावर नळी धरू? लेनीवर?" सारेल ओरडला. गोळी असो वा नसो, बंदुकीचं तोंड माणसाकडे वळवायचं नाही, हे तिथल्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

फ्लोरिसनं पुन्हा "अरे वा" म्हटलं, आणि सारेलच्यानं राहवेना. त्यानं किल्ल्यांच्या जुडग्यातली स्क्रूची चिमुकली किल्ली काढली आणि आपल्या बंदुकीवरच्या स्कोपचे स्क्रू सोडवू लागला.

आता हे काय होतं ते कारूतल्या माणसालाच नीट कळेल. हंगामाआधी माणूस फळीवर गोळ्यांमागून गोळ्या झाडतो, केसाकेसानं रेघा सरकवतो, आणि गोळी जिथं पाहिजे तिथं बसायला लागली की मग त्या स्क्रूंना कुणाला बोट लावू देत नाही. हंगाम चालू असताना बसवलेला स्कोप काढणं म्हणजे सगळं पाण्यात. रोईक्लिपमध्ये माणूस एक वेळ आपला दातांचा ब्रश उसना देईल.

फ्लोरिसनं पहिल्यांदाच दुर्बीण खाली केली. "सारेल, काय करतोयस? तिच्या हातून जखमी झालं तर? तुझी बंदूक गेली कामातून!"

"जखमी होणार नाही."

"आणि झालं तर?"

"लेनी मारतीय," सारेल म्हणाला. "होणार नाही."

मोकळी नळी त्यानं दगडावर टेकवली आणि डोळा लावला. चोवीसपटवर नुसत्या श्वासानंही सगळा माळ नाचू लागला, म्हणून सहापटवर आणलं. आणि मग ती दिसली. तोंडाला माती, केसांत काड्या, एक कोपर फाटलेलं. कळपानं मान वर केली की गाल जमिनीला लावून मेल्यासारखी पडायची, आणि पडल्या पडल्या स्वतःशीच हसायची. हसताना तिचं पोट हलायचं आणि बंदूक त्याबरोबर हलायची.  चर्चमध्ये आपण काय मागितलं होतं ते सारेलला आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग लाजही राहिली नाही. मार, लेनी, तो म्हणत होता, वाऱ्याकडं लक्ष दे, उजवीकडचा घे, तो आडवा उभा आहे, श्वास सोड, मार माझे बाई!

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" फ्लोरिसनं विचारलं.

सारेलनं ऐकलंच नाही. नळीत लेनीनं कोपरं टेकवली, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि थांबली. थांबलीच. आवाज टेकडीवर पोचायच्या आतच उजवीकडचा स्प्रिंगबॉक जागच्या जागी कोसळला. बाकीचा कळप पाठ कमानीसारखी करून चारी पायांवर उसळ्या घेत माळभर उधळला.

"लागली!" सारेल उठून उभा राहिला. "लागली रे! एका गोळीत! पाहिलंस? पोटावर जाऊन! माळावर! पाहिलंस का फ्लोरिस?" आणि तो टेकडीवर नाचू लागला, टाचा आपटत, दोन्ही हात वर करून, आणि हा माणूस स्वतःच्या लग्नातही नाचला नव्हता.

"सारेल," फ्लोरिस म्हणाला, "तू हरलास. कळतंय ना तुला? तुला जावं लागणार."

"हो!" सारेल ओरडला. "हरलो! काय मारली ना?"

 फ्लोरिसनं दुर्बिणीचा पट्टा मानेतून काढून ती नीट खोळीत घातली, नाक ओढलं आणि म्हणाला, "जा मग. खाली ती तुझी वाट बघतीय. मी दुकानाचं बघीन. तसंही मीच बघतो."

सारेलनं त्याला मिठी मारली. मग तो उतारावरून धावत सुटला. मध्येच एका दगडाला ठेचकाळला आणि हातातला स्कोप सुटला. ते लांब नळकांडं दगडांवर आपटत, टणटण वाजत, काच फुटल्याचा आवाज करत खाली गडगडत गेलं. सारेलनं तिकडं मान वळवली नाही.

लेनी माळावर बंदूक रिकामी करून उभी होती, मातीनं माखलेली, धापा टाकत. डोळ्यांत पाणी होतं. जिंकले म्हणजे ह्याला त्याच्या आभाळाखालून उपटून नेणं आलं, हे तिला आत्ता, जनावर पडल्यावर, नीट कळलं होतं.

"सारेल, तुझा स्कोप पडला!" ती ओरडली. मग तिच्या ध्यानात आलं, की त्याच्या हातात बंदूक नव्हतीच, नुसता स्कोप होता. "तू... तू तो काढला होतास? हंगामात?"

"तू दिसत नव्हतीस," सारेल धापा टाकत म्हणाला.

लेनीनं तोंडावर मातीचा हात ठेवला. 

"निघायचं कधी?" त्यानं विचारलं. "मला आजही चालेल. आत्ताही चालेल. माझं सामान फार नाही. काटेरानात मी गुदमरत नाही, तुला सांगितलं नव्हतं, मला तिथं झोप चांगली लागते. निघायचं कधी ते सांग."

"अरे आधी जनावर उचलू दे रे बाबा," लेनी रडत हसत म्हणाली, "मग तुला उचलते."